द्राक्षाचा माणूस आणि खोकल्याची बाटली

आमच्या ह्यांना द्राक्षबागेतलं सगळं कळतं, स्वतःच्या अंगातलं काडीचं कळत नाय. मी लंकाबाई, नांदायला आले तेव्हापासनं बघतेय. गोरक्षनानांनी पान उलटं केलं की रोग भुरीचा का डावणीचा ते लगेच कळतं, असं गाव म्हणतं. पण खोड एकच. रोग हटला नाय की डोस वाढवायचा, तरी हटला नाय की टाकीत आणखी एक औषध मिसळायचं.

सासूबाई गेल्या आणि हा बोलका माणूस मुका झाला. जेवण नाय, झोप नाय, नुसतं बांधावर बसून राहायचं. शेवटी मीच हट्टानं नाशकात इंदिरानगरच्या डॉक्टरांकडं नेलं. मनाची गोळी सुरू झाली आणि हळूहळू माणूस माणसांत आला. मला तर देव पावला! पण ह्यांनी शपथ घातली, "कुणाला कळू द्यायचं नाय. लोक येडा म्हणतील." गोळ्यांचं पाकीट कुठं, तर बियाण्याच्या डब्यात.

थंडीत ह्यांना कोरडा खोकला लागला. फाट्यावरच्या मेडिकलवाल्या छायानं बाटली देताना विचारलं, "नाना, दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" मागं जीपवाला कुंदन उभा. त्याच्या कानावर गेलं की गावभर झालंच म्हणायचं. हे छाती काढून म्हणाले, "छट्! आपल्याला काय धाड भरलीय?"

घरी आल्यावर बाटलीबरोबरचं माप कोपऱ्यात फेकलं आणि टोपण भरून घोट घेतला. खोकला थांबेना, मग दोन टोपणं. तरी थांबेना, तर बाजारातनं दुसऱ्या नावाची बाटली आणून तीबी सुरू केली. मी ओरडले, "अहो, नरडं हाय का फवारणीचा पंप?" ऐकतील तर ते हे कसले!

दुसऱ्या दिवशी दुपारी बागेतनं परतले ते घामानं चिंब. बाहेर हुडहुडी भरवणारा वारा. हात थरथरत होते, एका जागी बसवेना, काळीज धडधडतंय म्हणाले. माझ्याकडं बघून "आई" म्हणाले, मला ओळखलंच नाय. मी दोन्ही बाटल्या आणि डब्यातलं पाकीट पिशवीत घातलं आणि कुंदनला हाक मारली. त्यानं जीप काढली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय काय घेतलंय?" कुंदन शेजारीच होता. म्हटलं, गेली शपथ चुलीत, आणि पिशवी टेबलावर पालथी केली.

डॉक्टर म्हणाले, "या दोन बाटल्यांची नावं वेगळी, पण आतलं औषध एकच. ते छातीत नाही, मेंदूत काम करतं आणि तिथं उबळ दाबतं. ही मनाची गोळीही मेंदूवरच चालते. दोन्ही एकत्र आल्यावर असं होऊ शकतं, त्यात यांनी खोकल्याचं औषध दुप्पट-तिप्पट घेतलं. उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं." बाटल्या बंद करून त्यांना देखरेखीखाली ठेवलं. ताळ्यावर आले तेव्हा मी रडले आणि भांडलेसुद्धा. मनाची गोळी पुढं डॉक्टरांच्या सांगण्यानं चालू राहिली.

मी गावात कुजबूज व्हायची वाट बघत होते. कुणी चकार शब्द काढला नाय. कुंदनसारखा कुंदन, तोंड शिवून बसला होता.

परवा पुन्हा ह्यांचा घसा खवखवायला लागला. मी सोबत गेले, विश्वास कुठं हाय! मेडिकलात गर्दी, आणि त्यात कुंदनबी होता. छायानं खोकल्याची बाटली काढली आणि तोच प्रश्न विचारला. हे खाली बघायला लागले. माझा जीव टांगणीला.

कुंदन हळूच म्हणाला, "नाना, मी बाहेर थांबतो. चला रे, समदेच बाहेर चला."

ह्यांनी त्याचा हात धरला. "थांब. कुणी जाऊ नका." मग छायाकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाय. मनाची गोळी चालू हाय माझी."

छायानं काढलेली बाटली परत फळीवर ठेवली. "मग ही नको, नाना. कोमट पाण्यात मध घ्या आणि डॉक्टरांना फोन करा."

घरी येईपर्यंत कुंदनचा हात काय ह्यांनी सोडला नाय.