एका नारळात दोघांची कावीळ

मुतखडा बघायला गेलो होतो. तो सापडला नाही, दुसरंच काहीतरी सापडलं.

वसई ईस्टला एका सोनोग्राफी सेंटरमध्ये पोटावर थंडगार जेल लावून पडलो होतो. मॅडम सांगत होत्या, "श्वास घ्या... रोखा... सोडा." मी त्यांच्याच सुरात हळूच म्हणालो, "रोखा... रोखा... घरी जाऊन सोडा." त्या हसल्या. मला लोक हसले की बरं वाटतं. सोसायटीच्या गणपतीत मी दरवर्षी अख्ख्या बिल्डिंगच्या नकला करतो, चेअरमनपासून वॉचमनपर्यंत, आणि सगळे आपली पाळी कधी येतेय म्हणून वाट बघत बसतात. तर मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांचा हात उजव्या बरगडीखाली थांबला. मशीन तिथेच परत फिरवलं. परत फिरवलं. मी अजून एक जोक मारला, तो हवेतच राहिला. स्टेजवर असं झालं की आपल्याला कळतं, मेलो.

रिपोर्टात लिहिलं होतं, लिव्हरमध्ये एक गोळा दिसतोय, सीटी स्कॅन करून घ्या.

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे माझा सगळ्यात हिट आयटम. पेन टकटक वाजवत, नाकातून 'हं' काढत ते सगळ्यांना एकच सांगतात, "असं आहे बघा, काळजीचं काही नाही." सर्दी असो, कुत्रा चावलेला असो. माझा रिपोर्ट त्यांनी वाचला आणि पेन वाजलंच नाही. "असं आहे बघा," ते म्हणाले, "सीटी करून घेऊ. मग बोलू." बास. लहानपणापासून ऐकतोय, पहिल्यांदाच त्यांनी डायलॉग अर्धा खाल्ला.

सीटीची तारीख मिळाली पुढच्या आठवड्यातली.

घरी 'लिव्हर' म्हटल्यावर पप्पांचा पहिला प्रश्न, "कधीपासून पितोयस?"

"पप्पा, मी पीत नाही."

"मग राजोडीला मित्रांबरोबर काय समुद्र बघायला जातोस?"

"हो."

पप्पा एवढे हसले, एवढे हसले. माझ्या एकाही प्रोग्रामला ते असे हसलेले नाहीत.

मित्रांना सांगितलं एव्हरशाईनच्या नाक्यावर, चायनीजच्या गाडीवर. "लिव्हरमध्ये गोळा निघालाय."

"पुढे?" एक जण म्हणाला. सगळे तोंडात नूडल्स धरून थांबलेले. त्यांना वाटलं आयटम चालू झालाय.

"पुढे काय नाय. सीटी आहे."

"डॉक्टर कसा बोलला ते कर ना!"

मी केलं. काय करणार, पब्लिक समोर बसलेली. नाकातून हं, असं आहे बघा, सीटी करून घेऊ. एकाच्या नाकातून शेजवान बाहेर आलं. निघताना तो डोळे पुसत म्हणाला, "भाई, तू गेलास तर गणपतीत तुझी नक्कल कोण करणार रे?" मीपण हसलो. जिना चढताना मात्र तेच डोक्यात फिरत राहिलं. खरंच, माझी नक्कल कोणालाच येत नाही.

आईचं वेगळंच चालू झालं. ती कोकणातली. तिच्या हिशेबात लिव्हर म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे हळद बंद. त्याच दिवसापासून घरातलं सगळं जेवण पांढरं झालं. पांढरं वरण, पांढरा बटाटा. माशाचं कालवणसुद्धा असं की बांगडा स्वतःच आजारी वाटावा. पप्पा ओरडले, "अगं, मला काय झालंय?" समोरच्या काकू उसाचा रस घेऊन आल्या, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत डोकावल्या आणि आईकडे बघून म्हणाल्या, "पोरगं चांगलं होतं हो." होतं! मी म्हटलं, "काकू, अजून आहे." काकू म्हणाल्या, "हो रे बाळा," आणि रसाचा ग्लास घाईघाईने परत घेऊन गेल्या. ग्लास स्टीलचा होता, आमच्याकडेच राहिला असता.

रविवारी आईने मला चिंचोटीच्या बाजूच्या एका गावात नेलं. तिथे एक म्हातारी मावशी कावीळ उतरवते. पैसे घेत नाही, देवापुढे नारळ ठेवायचा. मी चिडचिड करत स्कूटी चालवली. मावशीने माझ्या हातांना कसल्यातरी पाल्याचा रस चोळला, वरून चुन्याचं पाणी ओतलं. खाली परातीत पाणी पिवळंधमक.

"बग, पानी कसा पिवला झाला," मावशी म्हणाली. "उतरली."

आईने डोळे मिटून हात जोडले. सोनोग्राफी झाल्यापासून पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. तेवढ्यावर उठायला पाहिजे होतं. पण मला चान्स दिसला.

"मावशी, एका नारळात दोघांची होईल काय? हिची पण उतरवून टाका."

"गप रे," आई म्हणाली. पण मावशीने तिचे हात ओढून घेतलेसुद्धा. पाला, चुना, परात. पाणी माझ्यापेक्षा पिवळं. जवळजवळ केशरी.

"बायची जास्ती हाय," मावशी म्हणाली.

मी परतीच्या पूर्ण रस्त्यात हसत होतो. "बघितलंस? सगळी चुन्याची कमाल आहे. कोणाचेपण हात धू, पिवळंच येणार. तुला कुठे काय झालंय?" आरशात आई पदराने हात पुसताना दिसली. मला वाटलं, पटलं.

उरलेले दिवस मी बाथरूममध्ये काढले. तिथे आवाज डॉक्टरांच्या केबिनसारखाच घुमतो. डॉक्टर चांगली बातमी कशी सांगतील, वाईट कशी सांगतील, दोन्ही तयार करत बसायचो. वाईट काय जमत नव्हती. चांगली एकदम फिट्ट, "असं आहे बघा, काळजीचं काही नाही," परत, परत, परत. नळ सोडून करायचो, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आई दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत असायची.

सीटीच्या मशीनमधून एक रेकॉर्डेड बाई हिंदीत बोलते, "सांस अंदर लो, रोको." नसेतून औषध सोडलं की असं गरम वाटतं की चड्डीत झाली. मला त्या बाईची नक्कल करायची इच्छासुद्धा झाली नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. आई म्हणाली, तिच्याने येववत नाही. डॉक्टरांनी वाचायला घेतलं. मी त्यांच्या हातातल्या पेनाकडे बघत होतो. टक. टक. टक.

"असं आहे बघा. हं. रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, जन्मापासूनचा असणार. कॅन्सर वगैरे नाही. सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी करू. काळजीचं काही नाही."

मला रडायला आलं. मी आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. म्हटलं, ही बातमी डॉक्टरांनीच द्यावी.

"असं आहे बघा ताई, काळजीचं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

मग आई म्हणाली, "बास कर रे मेल्या. रोज ऐकतेय बाथरूममधून. खरं सांग. किती दिवस राहिलेत?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "अहो ताई, मी डॉक्टर बोलतोय."

"कळतं मला!" आई किंचाळली. "आईशी तरी खरं बोल!" आणि हुंदके.

शेवटी मीच डॉक्टरांना खूण केली, बोलत रहा. ते बोलायला लागले आणि त्यांच्यावरच चढून मी त्यांच्याच आवाजात बोलायला लागलो. असं आहे बघा, असं आहे बघा, काळजीचं, काळजीचं. एका फोनवर दोन डॉक्टर. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून हसायला लागले. फोनवरचे हुंदके थांबले.

"दोघं आहात?" आईने विचारलं.

"दोघं आहोत ताई," डॉक्टर म्हणाले. मग फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मी एवढा नाकात बोलतो?"

संध्याकाळी ताटात वरण पिवळं होतं. पप्पांनी भातावर ओतून घेतलं, बोटं चाटली, मला म्हणाले, "आता पी बिनधास्त." मीपण हाणलं. दुसऱ्यांदा भात घेताना दिसलं, आईच्या समोर वेगळी वाटी होती. पांढऱ्या वरणाची.

"आई, हे काय? मला काही नाही निघालं."

"तुला नाही," ती म्हणाली. "तुझं पाणी कमीच पिवळं होतं."

पप्पांचा घास हातात राहिला. मी सांगायला लागलो, अगं चुना असतो तो, कोणाचेपण हात धुतले तरी... हेच मी स्कूटीवर हसत हसत सांगितलं होतं. शब्दसुद्धा तेच. तिने तेव्हासारखंच ऐकून घेतलं.

मग डॉक्टरांच्या आवाजात चालू केलं, "असं आहे बघा ताई..."

"नको," ती म्हणाली. वाटीतलं वरण भातावर घेतलं, कालवलं, आणि तसंच ठेवून दिलं.

"सोनोग्राफीला उपाशी पोटी जायचं असतं ना रे?"