एर्मेसकाकांची रविवारची दहा मिनिटं

रविवारी अकरा वाजले की आमच्या गल्लीत घड्याळ बघावं लागत नसे. समोरचे एर्मेसकाका गॅरेजचं शटर वर करायचे, इस्त्रीचा शर्ट घालून लाल स्पोर्ट्‌स कारमध्ये बसायचे आणि इंजिन सुरू करायचे. दहा मिनिटं ऐकायचे, मग बंद. इओलेकाकू गेल्यापासून सहा वर्षांत ती गाडी एकदाही रस्त्यावर आली नाही. बाजूची सीट रिकामी ठेवून चालवणं काकांना जमेना.

छत्तीस वर्षं हा माणूस फरशांच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिला. मूलबाळ नाही. चाळिशीत ही गाडी घेतली तेव्हा लोक हसले होते. काकू म्हणाल्या, "आम्ही दोघंच तर आहोत, तिसरी सीट हवीय कोणाला?" दर जूनमध्ये दोघं डोंगरात जायची, खिंडीतल्या खानावळीत मशरूम घातलेला पास्ता खायची आणि परतताना भांडायची. काकूंना वेग हवा असायचा!

गेल्या नोव्हेंबरात इंजिन खडखडलं आणि गप्प झालं. गाडी ओढून माझ्याकडे आणली. मी ओर्नेला, बापाचं गॅरेज चालवते. माझं तोंड फाटकं आहे, हे गावाला ठाऊक आहे.

बाहेरून आवाज ठीकच यायचा, पण इंजिन खोललं आणि माझं डोकंच फिरलं. तेलात पाणी, सिलिंडरला गंज, बेअरिंगांचा चुरा.

"काय केलंत हो काका? दहा मिनिटांत इंजिन धड तापतसुद्धा नाही. आतल्या वाफेचं पाणी तेलातच राहतं. चालवायचं नव्हतं तर हातच लावायचा नव्हता! तुमच्या रविवारांनीच खाल्लं याला."

काकांनी उघड्या इंजिनावरून बोट फिरवलं. "म्हणजे मीच मारलं," ते म्हणाले. जीभ चावावी असं वाटलं मला, पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

मग मी घाईघाईने उपाय सांगायला लागले. अपघातात चेपलेल्या तशाच एका गाडीचं इंजिन चांगलं होतं. ते बसवायला दहा दिवस. हेच इंजिन पुन्हा बांधायचं तर सिलिंडर घासून मोठे करायचे, नवे पिस्टन शोधायचे, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, शहरात पाठवायचा. म्हणजे थेट मे महिना.

"तुमचं लायसन्स फेब्रुवारीत संपतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्तापासूनच नकाराची मान हलवलीय. दुसरं इंजिन घाला, एकदा खिंडीत जाऊन या. उगाच हट्ट करू नका."

"त्या दुसऱ्या इंजिनाने इओलेला कधी पाहिलंय का?"

"इंजिनाला डोळे असतात होय?"

"मलाही कुठे राहिलेत!" काका हसले. मला नाही हसू आलं. "पोरी, घरी दिवसभर कोणी बोलत नाही गं. रविवारी तेवढा हा आवाज यायचा, तिच्या वेळचा. नवे पिस्टन घातले की बदलेल का?"

खोटं बोलता आलं असतं. "थोडा बदलेल," मी म्हटलं. "पण सांगाडा तोच राहील. इंजिनावरचा नंबरही तोच."

"मग हेच बांध."

"अहो, पण मे महिन्यात चालवणार कोण? पुन्हा दहा मिनिटं करून मारायचंय का?"

काका टोपी चोळत उभे राहिले. "तू चालव. रविवारी तू तरी कोणाबरोबर जेवतेस?"

त्या बाबतीत आम्ही दोघं सारखीच.

हिवाळाभर काका रोज यायचे, स्टुलावर बसून माझे हात बघायचे. फेब्रुवारीत लायसन्स गेलं, तरी दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर हजर.

मेच्या तिसऱ्या रविवारी, अकरा वाजता, मी चावी फिरवली. आवाज जरा जाड झाला होता. काकांनी मान तिरकी करून ऐकला. "सर्दी झालीय," ते म्हणाले आणि सवयीने माझ्या बाजूच्या दाराशी आले. क्षणभर थांबले, मग वळसा घालून दुसरीकडे गेले.

त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. काकू बुटक्या, सीट पार पुढे ओढलेली. काकांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. सीट मागे सारायला मी वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे."

"अहो, खिंडीपर्यंत दीड तास आहे! गुडघे मोडतील."

"तिने ठेवलीय तशीच राहू दे," काका म्हणाले. "आणि जरा जोरात घे. तिला हळू चालवलेलं आवडत नाही."