खाली बसणारे वानखडे सर

प्रशिक्षण सुरू करण्याआधी वानखडे सर बूट काढत, मग मोजे काढत आणि अमरावतीच्या त्या थंडगार एसी सभागृहात गालिच्यावर मांडी घालून बसत. मेळघाटात नेमणूक झालेल्या आम्हा नर्सना कोरकू लोकांशी कसं वागावं, हे ते शिकवत. "आपण खाली बसल्याशिवाय आदिवासी वर येत नाही!" हे त्यांचं लाडकं वाक्य. ते म्हणताना त्यांचे डोळे भरून येत. मग जेवणाची सुट्टी होई आणि सर टेबलाशी बसून पनीर खात.

मेळघाटात सर कधी मुक्कामाला राहिले नव्हते. "अभ्यासाला अंतर लागतं," म्हणत. मूळचे बार्शीटाकळीचे, पण वऱ्हाडी बोलणं त्यांनी अमरावतीला येताना एसटीतच सोडलं असावं. त्यांच्या पडद्यावरची कोरकू माणसं कायम नाचत असायची. "सर, ही शेतात कधी जातात?" असं मी एकदा विचारलं. "तुमची दृष्टी शहरी आहे," सर म्हणाले. मी वरूडची. शहरी म्हटल्याचा मला जरा आनंदच झाला.

पावसाळ्याच्या तोंडावर सर माझ्या नेमणुकीच्या गावी पाहणीला आले. त्या दिवशी मला गावातल्या कासदेकर बाबांकडे, एका कोरकू घरी, जायचं होतं. त्यांची सून सुगंती पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, पायांवर सूज. नाल्याला पूर आला की रस्ता बंद. त्याआधी तिला दवाखान्यात हलवायला हवं होतं. माझ्या चकरांनी बाबा नुकतेच "पाहू" म्हणण्यापर्यंत आले होते.

बाबांनी अंगणात खाट टाकली, तिच्यावर धुतलेली चादर अंथरली. मी बसणार तोच सरांनी मला थांबवलं. बूट काढून ते खाटेशेजारी जमिनीवर बसले, मान खाली घातली आणि मलाही खुणेनं बसवलं. बाबा आमच्याकडे बघतच राहिले.

"कोन मेलं आमच्या घरी?"

"बाबा, आम्ही तुमच्या संस्कृतीचा आदर..."

"पोटुशी सून हाये घरात, अन् तुमी मयतीले आल्यावानी बसून राह्यले? उठा! सुगंती कोठीच जात नाई."

"अवो, पन काहून?" घाबरल्यावर सरांचं वऱ्हाडी आपसूक परत आलं.

मला इतका राग आला की वाटेत मी सरांची साहेबी विसरले. "सर, तुमच्या बार्शीटाकळीच्या घरी पाहुणा कुठे बसतो?"

"खाटेवर."

"आणि मयतीला आलेला?"

"खाली..." म्हणता म्हणता सर वाटेतच थांबले. स्वतःच्या घरची रीत होती ती. पण हे निघाले होते दुसऱ्यांची संस्कृती शोधायला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, सरळ खाटेवर बसले आणि हक्कानं चहा मागितला. बाबा बराच वेळ घुश्शात होते. चहा संपल्यावर त्यांनी सुगंतीला हाक मारली. नाला भरायच्या आत आमची जीप निघाली. दवाखान्यात सुगंतीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी तिथेच रडले.

सर मात्र सरच. पुढच्या प्रशिक्षणात त्यांनी सभागृहात खाट मागवली आणि तिच्यावर बसून 'आदिवासी आतिथ्य' या विषयावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलले. बोलताना डोळे भरून आलेच.

गेल्या वर्षी सर गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं सोफा दाखवला. मी चपला काढून फरशीवर बसले, मान खाली घातली, सरांनी शिकवलं होतं अगदी तसंच. वाईट वाटत होतं, तरी हसू दाबावं लागलं.

गावात परतल्यावर कासदेकर बाबांना सांगितलं. नातीला मांडीवर घेऊन ते ऐकत होते.

"तू कोठी बसली त्याच्या घरी?"

"खाली."

"बराबर," बाबा म्हणाले. "आता बराबर."