घट बसतात तेव्हाच नेमकी सहल

लीड्सच्या मराठी मंडळींत अलकाताई धारूरकरांचा दिवा प्रसिद्ध होता. दिवा तसा साधाच, पितळेचा, सासूबाईंनी जुन्या लुगड्यात गुंडाळून सुटकेसमध्ये घालून दिलेला. पण नवरात्रात तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही म्हणजे नाही, आणि घट बसले की घराला कुलूप घालायचं नाही, हे सासूबाईंनी एकदा बजावलं आणि सूनबाईंनी सातासमुद्रापार इमानेइतबारे पाळलं. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर असलेली ही बाई भल्याभल्या सर्जनांना दरडावायची, पण दिव्यापुढे गरीब गाय. छतावरचा स्मोक अलार्म बोंबलू नये म्हणून नवरात्रात त्याला शॉवर कॅप घालायची, ही युक्ती त्यांचीच. आता गावातल्या निम्म्या मराठी घरांतले अलार्म नवरात्रात टोपी घालून बसतात.

त्यांची नाइट ड्यूटी असली की दिव्याजवळ श्रीनिवासराव बसत. हे त्यांचे यजमान, भूल देणारे डॉक्टर. दिवसभर पेशंटच्या श्वासावर लक्ष ठेवून आलेला माणूस घरी येऊन वातीवर लक्ष ठेवी. देवावर फार श्रद्धा नव्हती त्यांची. "तुझा पेशंट ठीक आहे हं," एवढं सकाळी दारात सांगायचे आणि झोपायला जायचे. अलकाताई वरवर रागवायच्या, पण मनातून या माणसावर अगदी जीव ओवाळून टाकायच्या.

दोघंही रिटायर झाली आणि श्रीनिवासरावांनी जुना हट्ट बाहेर काढला. थिएटरच्या कॉफी रूममध्ये भिंतीवर एक पोस्टर असायचं, अमेरिकेतल्या वाळवंटातल्या लाल दऱ्यांचं. लांबलचक ऑपरेशन झालं की ते त्याच्याखाली बसून गार चहा प्यायचे आणि म्हणायचे, एकदा इथे जायचं. मग मुलीच्या परीक्षा, घराचे हप्ते, भारतातली आजारपणं, असं करता करता पोस्टरचा रंग उडाला.

आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे बिघडायला लागले. पडद्याचा मधला भाग झिजतो, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. हळूहळू जाईल, असंही सांगितलं. त्या 'हळूहळू'ला दोघांनी घट्ट धरून ठेवलं होतं. गाडी चालवणं बंद झालं, वाचायला मोठं भिंग आलं, आणि दऱ्या बघायच्या असतील तर लवकर बघायला हव्यात हे न बोलता दोघांनाही कळलं.

मग काय, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो उठेचना. एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर चिवड्याचा डबा, आणि मधे युटा राज्य. बेत असा होता: मँचेस्टरहून विमान, लास व्हेगासला उतरायचं, तिथून भाड्याची गाडी. आधी झायनची दरी, मग ब्राइसची, जमलं तर ग्रँड कॅन्यनचा उत्तरेकडचा काठ. आठवड्याभराचीच सहल. उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघतो, हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद होतात, म्हणून ऑक्टोबरच बरा. नदीकाठची झाडं तेव्हा पिवळी होतात म्हणे.

"आणि गाडी कोण चालवणार?" अलकाताईंनी विचारलं.

"तू."

"मी? रस्त्याच्या उलट्या बाजूने? अहो, मला अजून मूरटाउनच्या राउंडअबाउटला घाम फुटतो!"

"तिथे राउंडअबाउट नाहीत. नुसता सरळ रस्ता आणि आजूबाजूला दगड. दगड काही आडवे येत नाहीत."

असं म्हणता म्हणता बाईंनाही चढला की रंग. त्यांनी चालायचे बूट आणले. ब्राइसला पहाटे कडाक्याची थंडी असते कळल्यावर माकडटोप्या शोधल्या. मेथीचे ठेपले किती दिवस टिकतील याचा हिशोबही सुरू झाला, कारण वाळवंटात आपल्याला कोण वाढून ठेवणार आहे!

आणि मग सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी श्रीनिवासरावांनी तारखा सांगितल्या. एजंटने सीट्स धरून ठेवल्या होत्या, सोमवारपर्यंत पक्कं कळवायचं होतं. अलकाताईंनी स्वयंपाकघरात टांगलेल्या मराठी कॅलेंडरचं पान उलटलं आणि डोक्याला हात लावला. विमानाच्या आदल्या दिवशी घटस्थापना! अख्खी सहल नवरात्रात.

"अहो, काय केलंत हे? जन्मभर प्रत्येक सुट्टी या कॅलेंडरवर बघून ठरवलीत. एकादशीला प्रवास नको म्हणून तुम्ही मला हसायचात, पण बघायचात ना? आणि नेमके घटच विसरलात?"

"राहिलं खरं," श्रीनिवासराव म्हणाले. तोंड जरा वळवून, खिडकीकडे बघत. हल्ली त्यांची ही सवयच झाली होती, बोलताना समोर बघायचंच नाही. बाईंना वाटलं, रुसले.

"मग एप्रिलमध्ये जाऊ. दगड काय पळून जाणारेत?"

"नाही, दगड कुठे जातात," ते म्हणाले आणि नकाशा घडी घालू लागले. घडीवर घडी, अगदी नीट, थिएटरमध्ये कापड घडी करावं तसा. भांडले असते तर अलकाताईंना बरं वाटलं असतं. हे असं मुकाट्याने ऐकणं त्यांना दिवसभर टोचत राहिलं.

शनिवारी आर्याचा फोन आला. ही त्यांची एकुलती एक लेक, लीड्समध्येच जन्मलेली, आता मेडनहेडला कॉम्प्युटर कंपनीत. तिला बाबांकडून बेत रद्द झाल्याचं कळलेलं होतं.

"आई, डोन्ट कॅन्सल. मी येते. लॅपटॉप आणते, तिकडूनच काम करते. मी बसते ना दिव्याजवळ."

"तू? चहाचं आधण ठेवून टीव्ही बघत बसणारी? माझी दोन पातेली जाळलीस तू."

"आई, दॅट वॉज ए लेव्हल्स, बारावीला होते मी!"

"ते काही नाही. दिवा घरच्या बाईने बघायचा असतो, फार तर तिच्या यजमानांनी. आणि विझला तर? त्यांचे डोळे आधीच असे, त्यात देवीचा कोप नको ओढवून घ्यायला." खरी भीती होती ती ही. बोलून गेल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला.

रविवारी त्या चिरोटे करायला बसल्या. मन थाऱ्यावर नसलं की त्या काहीतरी खटाटोपाचं करत. चिरोट्यांची कृती कॅलेंडरच्या पानामागे छापलेली होती, म्हणून कॅलेंडर उलटं टांगून ठेवलेलं. पीठ मळता मळता त्यांना आठवलं, अष्टमीला बायकांना ओटीसाठी बोलवायचंय.

"अहो, जरा बघता का, ऑक्टोबरात अष्टमी कधी आहे? माझे हात पिठाचे आहेत."

श्रीनिवासराव उठले. कॅलेंडरसमोर उभे राहिले, मान थोडी तिरकी केली, बोट फिरवलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "शुक्रवारी."

दिवस बरोबर होता. घट शुक्रवारी बसतात म्हटल्यावर अष्टमी पुढच्या शुक्रवारी, एवढं गणित कुणीही करील. पण अलकाताईंनी मान वळवून पाहिलं, तर नवऱ्याचं बोट 'साजूक तूप एक वाटी' यावर टेकलेलं.

त्या पिठाच्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. अगं बाई, आपण काय केलं हे! विसरले नव्हते ते. कॅलेंडरवरची ती बारीक लाल अक्षरं त्यांना दिसलीच नव्हती, आणि ते सांगण्यापेक्षा त्यांनी बोलणी खाल्ली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते चिरोटे आहेत."

श्रीनिवासरावांचं बोट तिथेच राहिलं. मग हळूच खाली आलं.

"कधीपासून?"

"मधलं गेलंय, जुलैपासून. वाटलं होतं त्याहून भरभर जातंय." ते खुर्चीत बसले. "एप्रिलपर्यंत काय राहील कोण जाणे. तुला सांगणार होतो, पण तू बूट आणलेस, टोप्या काढल्यास. इतकी खुशीत होतीस."

"आणि माझा चेहरा?"

"समोर बघितलं तर नाही दिसत. जरा बाजूला बघितलं की कडेकडेने दिसतो." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, आणि आता अलकाताईंना कळलं, हा माणूस रुसलेला नव्हता. इतके दिवस तो आपल्याकडेच बघत होता.

"अक्षरं गेली, सुईत दोरा ओवणं गेलं," ते म्हणाले. "मोठं मोठं मात्र अजून दिसतं गं. म्हणून म्हटलं, जगातलं मोठ्यात मोठं जे असेल ते बघून घ्यावं."

अलकाताईंनी पदराला, पदर कसला, कार्डिगनच्या बाहीला डोळे पुसले आणि गालाला पीठ फासून घेतलं. मग हातही न धुता फोन उचलला.

"आर्या, घट बसायच्या आदल्या बुधवारीच ये. वात कशी वळायची ते शिकवते. तेल संपायच्या आधी घालायचं, संपल्यावर नाही. आणि अलार्मला टोपी घातल्याशिवाय उदबत्ती लावलीस तर फायर ब्रिगेड येईल, सांगून ठेवते."

"आर यू शुअर? तू तर म्हणालीस घरच्या बाईने—"

"मग तू कुठली गं, शेजारची? ये मुकाट्याने. आणि एजंटला सोमवारी सकाळी मी स्वतः सांगते."

फोन ठेवला तेव्हा श्रीनिवासराव अस्वस्थ होऊन उभे होते. देव न मानणारा माणूस, पण बायकोचं व्रत त्याला बायकोइतकंच जपायची सवय.

"अलका, नको. तू तिथे जाऊन दिव्याचाच घोर लावून घेशील. आर्याचा डोळा लागला, दिवा विझला, तर?"

लग्न झाल्यापासून ज्या प्रश्नाने त्या धास्तावत आल्या होत्या, तो हा प्रश्न. अलकाताईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"विझला तर लेक देवीपुढे हात जोडेल आणि काडी ओढून पुन्हा लावील," त्या म्हणाल्या. "दिवा पुन्हा लावता येतो हो."

श्रीनिवासरावांनी त्यांचे पिठाचे हात हातात घेतले, आणि तोंड खिडकीकडे वळवून त्यांच्याकडे बघत राहिले.

मग बाईंनीच नाक ओढलं. टेबलावरचं पीठ मनगटाने बाजूला सारलं, बरणी आणली, डबा आणला, नकाशाच्या सगळ्या घड्या मोडल्या आणि त्यांची खुर्ची आपल्या खुर्चीला लावली.

"बसा इथे. पहिल्या दिवशी कुठवर जायचं?"

"दे, शोधून देतो," म्हणत त्यांनी सवयीने भिंगाकडे हात नेला.

अलकाताईंनी भिंग उचलून चिवड्याच्या डब्यामागे ठेवून दिलं. "आता अक्षरांवर डोळे शिणवायचे नाहीत. नकाशा मी वाचते, गाडी मी चालवते, बोर्डबिर्ड मी बघते. तुम्ही फक्त दऱ्या बघायच्या."