ताहेरचाचाचा जळफळाट

जळफळाट म्हणजे काय, ते ताहेरचाचाला पन्नाशीत कळलं, अन् तेही ग्यानोबाच्या पोरीमुळं. खोटं कशाला बोला, तोवर माणूस राजा होता. औशापासून लातूरपर्यंत कुठंही बोअर मारायचा असो, बोलवा ताहेरला. मशीनचा नुसता आवाज ऐकून हा सांगणार, पुढच्या वीस फुटांत पाणी हाय का नुसताच काळा पत्थर. ग्यानोबा त्याच्याच बोअरच्या गाडीवर रॉड जोडायचा.

त्या ग्यानोबाची पंचशीला आता खोल समुद्रातल्या तेलविहिरी खणताना खाली किती दाब असेल, ते आधीच सांगते. ती सुट्टीला आली की ताहेरची जिक्रा दिवसभर तिच्याकडंच. बारावी झालेली पोरगी, घरी आली तरी 'दीदी असं म्हणली, दीदी तसं म्हणली.' आता तर तिला नांदेडला भूगर्भशास्त्र शिकायला जायचं होतं, अन् घोडं अडलं होतं ते बापाच्या होकारापाशी. त्याच्या पोटात दुखत होतं. बावीस वर्षं भुईला भोकं पाडली त्यानं, अन् कौतुक कुणाचं, तर कम्प्युटरसमोर बसणारीचं.

रविवारी पंचशीला चहाला आली, तेव्हा त्यानं मुद्दाम विषय काढला.

"आमचं काम कानावर चालतंय, बेटा. रॉड एकदम झपझप खाली जायला लागला की समजायचं, नशीब उघडलं. मग दामटायचं, थांबायचं न्हाई. तुमच्याकडं बी असंच आसंल."

पंचशीलानं कप खाली ठेवला. "चाचा, तिथं असं दामटलं तर माणसं मरतील. तळाच्या चिकणमातीत पाणी कोंडून राहतं. वरचा भार ते पाणीच पेलतं, म्हणून माती घट्ट होत नाही अन् रॉड भराभर जातो. त्या पाण्याचा दाब रोखायला आम्ही विहिरीत जड गाळ, म्हणजे चिखलाचं दाट पाणी, भरून ठेवतो. तो त्या दाबाला पुरला नाही, तर आतलं सगळं उसळून वर येतं." मग ती जिक्राकडं वळली. "तुला काय वाटतं, तिथं काय करावं?"

"थांबावं. गाळ जड करावा," जिक्रा म्हणाली. "पण लई जड न्हाई, न्हाईतर खडकच फुटंल."

पंचशीलानं तिच्या पाठीवर थाप मारली. ताहेरच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीपुढं तो अडाणी ठरला होता.

पाहुणी गेल्यावर त्यानं फर्मान काढलं, "नांदेड-फिंदेड काही न्हाई."

"का, अब्बा?"

"जमिनीखालचंच शिकायचंय ना? मग मी मेलो का? तिच्यात असं काय हाय, जे माझ्यात न्हाई?"

जिक्रा शांतपणे कप गोळा करत राहिली. "काहीच न्हाई. माझ्या जन्माआधीपासून गाडी दारात हाय. पण 'तुला काय वाटतं' असं तुम्ही मला एकदा बी विचारलं न्हाई."

आता तरी विचारावं, असं ताहेरच्या मनात आलं. पण जीभ वळेना. पंचशीलावरचा राग अजून तसाच धुमसत होता.

"नांदेडच्या फॉर्मची शेवटची तारीख कधी हाय?" एवढंच तो म्हणाला.