मोठीमायची नस

पांढरा कोट घातलेला माणूस समोरून येताना दिसला, की मोठीमाय दोन्ही हात पदराखाली घ्यायची. मग तो डॉक्टर असो, कंपाउंडर असो, नाहीतर आणखी कोणी. एकदा आम्ही दोघी तुमसरला तिच्या नणंदेकडे निघालो होतो. उन्हाळ्याचे दिवस. काळ्याऐवजी उन्हाळी पांढरा कोट घातलेले तिकीट तपासनीस डब्यात चढले आणि मोठीमायचे हात पदराखाली गेले, मुठीतल्या तिकिटांसकट. ते तिकीट मागताहेत आणि ही नुसती मान हलवते आहे. शेवटी मीच पदरात हात घालून तिच्या मुठीतून तिकिटं सोडवली.

ते पुढे गेल्यावर ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सुई नाही ना व त्याच्याजवळ?"

अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. अंगानं थोराड, आवाजानं मोठी, आख्ख्या मोहल्ल्याची मोठीमाय. सत्तरच्या दशकात माझ्या यजमानांची नेमणूक वरठीच्या स्टेशनवर, पार्सल ऑफिसात झाली आणि मी नाशिककडची मुलगी नवं लग्न होऊन तिच्या शेजारच्या खोल्यांत राहायला आले. तिचं माहेर आसगावचं. नवरा, म्हणजे आमचे मोठेबाबा, यांचं धान्याचं छोटं दुकान होतं. ते दिवसभर तराजूमागे बसत आणि फार तर हुंकार देत. दोघांच्या वाट्याचं बोलणं तिनं एकटीनं अंगावर घेतलं होतं.

मी आले त्याच दिवशी ती चिन्नोर तांदळाचा भात झाकून घेऊन आली. मला तिचं बोलणं धड कळेना. "काहून उभी आहेस? बस ना व. घर तुहंच आहे," ती म्हणाली, आणि माझ्याच घरात मला पाट मांडून दिला.

तिला साखरेचा आजार होता. दर दोन-तीन महिन्यांनी भंडाऱ्याला जाऊन रक्त तपासायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकदा उपाशीपोटी आणि मग जेवण झाल्यावर काही वेळानं पुन्हा. या दोन टोचण्यांच्या मधे मोठीमायनं अख्खा बाजार बसवला होता. घरून निघताना रक्ताचा विषय काढायचाच नाही. "चाल पोरी, भंडाऱ्याले जाऊ. कामं हायेत," एवढंच. पिशवीत कल्हईची भांडी, दांडी मोडलेली छत्री, मोठेबाबांच्या चष्म्याची मोडलेली काडी आणि एका डब्यात स्वतःचा वरणभात. रक्ताचं काम म्हणजे त्या गर्दीतलंच एक बारीकसं काम, असा तिचा आव असे.

बसमधून उतरलो की पहिली पायरी तपासणीची. तिथले रक्त काढणारे बाबू सडपातळ, शांत, फार सहनशील माणूस. ते काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून काढायला लागले की मोठीमाय भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसायची. दंडाला रबर बांधायचे. मूठ आवळा म्हणायचे. चापट्या मारायचे, कोपरापाशी बोटांनी चाचपत राहायचे. नस काही लागायची नाही. तिचा हातच तसा गुबगुबीत, लोण्यासारखा.

"सापडून राहिली का?"

"थांबा आजी, हलू नका."

"नाही सापडत तं जाऊ द्या ना बापा. माही नस माह्या सासूवानी आहे. पाहुणा दिसला का मागच्या दारानं वावरात पळते."

बाबू हसायचे आणि त्या हसण्यात त्यांचा नेम चुकायचा. मग दुसरा हात. मग मनगटाची मागची बाजू. कधी गरम पाण्याची पिशवी धरून बसायचं. एवढं सारं झाल्यावर नळीत थोडंसं काळसर रक्त यायचं, आणि ती कॅलेंडरकडेच पाहत विचारायची, "झालं? मंग बोलत काहून नाही?"

त्यानंतरचा मधला वेळ मात्र आमचा. मला त्या वेळेची जितकी आठवण येते, तितकी आयुष्यातल्या मोठमोठ्या प्रसंगांचीही येत नाही. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. गल्लीत शिरलं की ठोक्यांचा आवाज कानात भरायचा. कल्हईवाल्याकडे भांडी टाकायची, त्याच्याच ओसरीवर डबा उघडायचा. ती हातावरच्या निळ्या डागांकडे पाहत भात कालवायची आणि मला घास द्यायची. मग छत्री, चष्मा, बांगड्या, मिरच्या. मिरच्यांच्या ढिगापुढे तर ती एकेक मिरची मोडून वास घेत बसे. मला कळायचं, की दुसरी टोचणी जवळ आलीय.

"मोठीमाय, उशीर होतोय."

"अजून एक काम राह्यलं व."

"कोणतं?"

"तेच आठवून राहिली ना मी."

एकदा त्या ओसरीवर बसल्या बसल्या मी तिला चिडवलं. एवढी धिप्पाड बाई, रस्त्यात उभ्या बैलाला ढकलून वाट काढते आणि सुईला घाबरते! ती हसली नाही. भांड्याला कल्हई चढत होती, नवसागराचा धूर डोळ्यांत जात होता. ती डोळे न पुसता म्हणाली, "माही बेबी होती ना."

तिला एक मुलगी होती हे मला तोवर माहीत नव्हतं.

"ताप उतरेच ना. आसगावावरून बैलबंडीनं भंडाऱ्याले आणलं. रोज रक्त नेत. तपासाले पाह्यजे म्हणत. तेही बिचारे काय करतीन? ज्यानं त्यानं जीव लावला. पण एवढूसा हात व पोरी, किती दिवस पुरन?" तिनं अंगठा आणि बोट जुळवून त्या हाताची जाडी दाखवली. "मीच धरून ठेवो तिले. माह्याकडे पाहे ते. मायनं काहून धरलं म्हणून."

मग ती उठली, पातेलं उजेडात धरून आतून पाहिलं आणि कल्हईवाल्याला म्हणाली, "इथी राह्यली ना बापा. नीट कर."

त्या दिवशी मिरच्यांपाशी ती थांबली नाही.

पुढे माझी रंजू झाली. ती मोठीमायच्याच अंगाखांद्यावर वाढली, बोलायलाही तिच्यासारखीच लागली. "मले दे", "मी नाही येत जा." माझ्या सासूबाई आल्या की कपाळाला हात लावत.

रंजू शाळेत जायच्या आधीच्या पावसाळ्यात तिला ताप भरला. यजमान ट्रेनिंगसाठी बाहेरगावी होते. ताप उतरायचा, पुन्हा हुडहुडी भरून चढायचा. गावातले डॉक्टर म्हणाले, "भंडाऱ्याला नेऊन रक्त तपासून घ्या, आजच." मोठीमाय दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि घरात गेली. मला वाटलं, आज ही येणार नाही, आणि कुठल्या तोंडानं तिला चल म्हणायचं? तोवर ती लुगडं बदलून, छत्री घेऊन बाहेर आली. दुकानाकडे तोंड करून ओरडली, "भात झाकून ठेवला आहे. खाऊन घेजा." मोठेबाबा तराजू सोडून उभे राहिले होते. रंजू आणि मोठीमाय, दोघींकडे ते आळीपाळीनं पाहत होते.

तपासणीच्या खोलीत रंजूनं सिरिंज पाहिली आणि किंकाळी फोडली. माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. बाबू म्हणाले, "बाई, घट्ट धरा तिला. हललं की पुन्हा टोचावं लागेल." मी तिचा हात धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्यानं धरवेना. मी रडायलाच लागले.

तेव्हा मोठीमायनं रंजूला माझ्याकडून घेतलं, स्टुलावर बसली, तिला मांडीवर बसवलं. आणि आपला उजवा हात टेबलावर ठेवला. पदर बाजूला करून, दंडापर्यंत उघडा.

"आधी माहं काढा," ती म्हणाली.

"आजी, तुमची तारीख नाही आज."

"माहीत आहे. पोरीले पाहू द्या. धरून नाही ठेवायचं तिले."

बाबूंनी दुसरी सुई घेतली.

त्या दिवशी तिनं कॅलेंडरकडे पाहिलं नाही. रंजूच्या तोंडाकडे पाहून बोलत राहिली. "पाह्य हं रंजू, माही नस लपून बसली आहे. कुठी आहे व? इथी? नाही बाप्पा." सुई आत गेली, रक्त आलं नाही. "पळाली! पाह्यली का?" रंजूचं रडणं हुंदक्यांवर आलं. दुसऱ्यांदाही आलं नाही. तिच्या कपाळावरून घाम गळत होता, पण आवाज तसाच, खेळातला. "आता तू सांग बरं बाबूले, कुठी शोधाची?" रंजूनं नाक ओढत तिच्या कोपरापाशी बोट ठेवलं. बाबूंनी तिथंच टोचलं, आणि या वेळी नळीत रक्त आलं.

"सापडली!" रंजू ओरडली.

"सापडली ना? आता तुही पाहू."

आणि माझ्या लेकीनं आपला हात टेबलावर ठेवला. सुई टोचली तेव्हा ती ओरडली, पण हात ओढला नाही. मोठीमायनं तिला धरलं नव्हतं. तिचा तळवा नुसता रंजूच्या पाठीवर होता.

बाहेर आल्यावर मोठीमाय पायरीवर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी पाणी आणून दिलं.

"खूप दुखलं का?" मी विचारलं.

"दुखलं व माय," ती म्हणाली. इतकंच. परतीच्या बसमध्ये रंजू तिच्या खांद्यावर झोपली आणि वरठी येईपर्यंत तिनं खांदा बदलला नाही.

मलेरिया निघाला. गोळ्यांनी ताप उतरला. त्या आठवड्यात मोठीमाय रोज सकाळी आमच्याकडे यायची, रंजूच्या कपाळाला हात लावायची आणि मगच स्वतःचा चहा घ्यायला जायची.

ऐंशी साल उलटल्यावर आमची बदली डोंगरगडला झाली. सामान बांधताना तिनं मला चिन्नोरची पोतडी दिली आणि "येत जाजो" म्हणाली. मी जाता-येता उतरत असे. भंडाऱ्याचा बाजार मात्र आमचा पुन्हा जमला नाही.

एका खेपेला कळलं, तिच्या पायाची जखम चिघळली आहे आणि ती भंडाऱ्याला दवाखान्यात आहे. मी गेले. खाटेवरची बाई मी ओळखलीच नाही. सगळं मांस झडून गेलं होतं. चादरीवर ठेवलेल्या हातांवर निळ्या शिरा दोरीसारख्या उठून आल्या होत्या.

तिनं माझी नजर पाहिली आणि हात उचलून अभिमानानं मला दाखवला.

"आता काही त्रास नाही व पोरी. पहिल्या टोच्यात निघते. सिस्टरबाई म्हणते, आजी, तुमच्यासारखी नस कोणाचीच नाही."

मी हसले. दुसरं काय करणार? तिचा हात हातात घेऊन बसले. ती रंजूच्या शाळेचं विचारत राहिली, डोंगरगडला मिरच्या कशा मिळतात ते विचारत राहिली. मी निघाले तेव्हा म्हणाली, "उशीर नको करू. गाडी चुकन."

बातमी कळली तेव्हा तेरवीही होऊन गेली होती.

त्यानंतर मी एकदाच वरठीला गेले. गावात नवा कारखाना उभा राहिला होता, रस्त्यावर कामगारांच्या सायकली वाहत होत्या. मोठेबाबा दुकानातच होते. त्यांनी मला ओळखलं, गूळ-पाणी दिलं. मी उठले तसे तेही उठले. भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना दुकान बंद करताना कधी पाहिलं नव्हतं.

गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी घसा खाकरला.

"ते असती तं बोलली असती तुह्याशी," ते म्हणाले. "मले काही बोलाले येत नाही."

"मलाही नाही, मोठेबाबा."

मग गाडी येईपर्यंत आम्ही दोघं रुळांकडे पाहत बसलो.