गप्प रेडिओ

आमच्या धावपट्टीला कंट्रोल टॉवर नाही. उतरण्याआधी प्रत्येक वैमानिकाने आपण कुठे आहोत ते रेडिओवर सांगायचं, हाच नियम. त्या सकाळी मी सांगितलं. कुणाचाच आवाज आला नाही.

"सर, कुणी नाहीये," मी शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांना म्हणाले.

"कुणी बोलत नाहीये. बाहेर बघ."

खाली, उसाच्या हिरव्या शेतांवरून एक पांढरं विमान आमच्याच धावपट्टीकडे निघालं होतं. उतरणं सोडून मी विमान पुन्हा वर घेतलं.

नंतर भेटल्यावर तो वैमानिक म्हणाला, "अहो, मी तर सारखा सांगत होतो!" त्याच्या रेडिओवर भलतीच फ्रिक्वेन्सी लागली होती.

तेव्हापासून शांततेचा मला संशयच येतो. घरी सगळे गप्प जेवत असले, तरी मी मान वर करून एकेकाचा चेहरा बघते.